एकतिसावी जागा

28, 30, 26, 30, 29, 30. वेल्सच्या विधिमंडळाच्या 1999 ते 2021 या काळात सहा निवडणुका झाल्या. त्यांत मजूर पक्षाला मिळालेल्या जागांचे हे आकडे. सभागृह 60 जणांचं, म्हणजे बहुमताला 31 हवेत. सहाही वेळा हा पक्ष पहिला आला, तीनदा तर बरोब्बर निम्म्यावर येऊन थांबला, पण एकतिसावी जागा त्याला एकदाही मिळाली नाही. आणि तरीही या सगळ्या वर्षांत मध्यावधी निवडणूक एकदाही घ्यावी लागली नाही. हे कसं जमलं, ते पाहू लागलं की मन थक्क होतं.

हा पक्ष काही दुबळा नव्हता. दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांत त्याची पाळंमुळं. ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा 1948 मध्ये सुरू करणारे अन्यूरिन बेव्हन याच खोऱ्यांतले, स्वतः खाणीत राबलेले. 1922 पासून 2024 पर्यंत ब्रिटिश संसदेच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत वेल्सपुरता मजूर पक्षच अव्वल राहिला. अशा पक्षाचं घोडं तिसावर कुठे अडतं?

त्याचं उत्तर मतमोजणीच्या पद्धतीत आहे. 2021 पर्यंत वेल्समधल्या मतदाराला विधिमंडळासाठी दोन मतं असत. पहिलं मत आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला. असे 40 मतदारसंघ, आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी. दुसरं मत पक्षाच्या यादीला. त्यासाठी वेल्सचे पाच विभाग केलेले होते आणि प्रत्येक विभागाला चार जागा. या चार जागा वाटताना प्रत्येक पक्षाच्या यादीच्या मतांना एका संख्येने भागायचं: त्या विभागात पक्षाने आधीच जिंकलेल्या जागा, अधिक एक. भागाकार ज्याचा मोठा, त्याला पुढची जागा. म्हणजे जो आधीच भरपूर जिंकला, त्याचा भाजक मोठा आणि पुढची वाट अवघड.

2021 मध्ये कार्डिफ ज्या विभागात येतं, त्या मध्य-दक्षिण वेल्समध्ये मजूर पक्षाने आठच्या आठ मतदारसंघ जिंकले. मग यादीच्या जागा वाटताना त्याच्या मतांना भागलं गेलं नवाने. ज्यांनी तिथे एकही मतदारसंघ जिंकला नव्हता, त्यांच्या मतांना सुरुवातीला भागलं गेलं फक्त एकाने. परिणाम असा, की चारपैकी दोन जागा हुजूर पक्षाला, दोन प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाला, आणि मजूर पक्षाला शून्य. त्या वर्षी मजूर पक्षाने सुमारे 40 टक्के मतांवर 40 पैकी 27 मतदारसंघ घेतले होते. नुसते मतदारसंघच धरले असते, तर निर्विवाद बहुमत होतं. यादीच्या जागांनी ते रोखलं.

सगळ्यात नवल याचं, की ही पद्धत आणली मजूर पक्षाच्याच सरकारने. 1979 च्या सार्वमतात वेल्सच्या जनतेने स्वतंत्र विधिमंडळाची कल्पना जवळपास चारास एक अशा प्रमाणात झिडकारली होती. 1997 मध्ये पुन्हा कौल मागायचा, तर हे सभागृह एकाच पक्षाची जहागीर होणार नाही याची हमी लोकांना द्यायला हवी होती. वेल्सचे तेव्हाचे मंत्री रॉन डेव्हिस यांनी तसा आग्रह धरला. मजूर पक्षाबरोबर प्लाइड कम्री आणि लिबरल डेमोक्रॅटही ‘होय’च्या प्रचाराला उतरले. 18 सप्टेंबर 1997 च्या रात्री मोजणी सुरू झाली, आणि शेवटचा निकाल उरला तेव्हा ‘नाही’ची बाजू सुमारे 16 हजार मतांनी पुढे होती. तो शेवटचा निकाल होता कारमार्थनशायरचा. प्लाइड कम्रीचे पहिले खासदार ग्विनफोर एव्हान्स 1966 मध्ये निवडून आले, ते इथल्याच कारमार्थनमधून. या एका जिल्ह्याने पारडं फिरवलं आणि अकरा लाखांहून अधिक मतांत ‘होय’ जिंकलं अवघ्या 6,721 मतांनी. मजूर पक्षाला एकट्याच्या बळावर हे सभागृह उभं करता आलंच नसतं.

पुढे तेच सभागृहातही दिसत गेलं. 2007 मध्ये मजूर पक्ष 26 वर घसरला. आधी प्लाइड, हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट अशा तिघांच्या सरकारची बोलणी झाली, ती फिसकटली. मग पिढ्यानपिढ्यांचे प्रतिस्पर्धी मजूर आणि प्लाइड एकत्र आले. रॉड्री मॉर्गन फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले मुख्यमंत्री, आणि प्लाइडचे येयन विन जोन्स त्यांचे उप. कायदे करण्याच्या पूर्ण अधिकारासाठी सार्वमत घेण्याचं त्यांच्या करारात ठरलं होतं. मार्च 2011 मध्ये ते झालं आणि 63.5 टक्के मतं होकाराची पडली.

2016 चा प्रसंग तर बेरजेच्या गणितासारखा पायरी पायरीने पाहावा. मजूर 29, प्लाइड 12, हुजूर 11, ब्रेक्झिटवादी यूकिप 7, लिबरल डेमोक्रॅट 1. सभापती प्लाइडच्या आणि उपसभापती मजूर पक्षाच्या, दोघीही मतदानाबाहेर. फर्स्ट मिनिस्टरपदासाठी मजूर पक्षाचे कार्विन जोन्स उभे होते आणि प्लाइडच्या लिअ‍ॅन वुड. वुड यांच्यामागे हुजूर पक्ष आणि यूकिप उभे राहिले: 11, 11 आणि 7, एकूण 29. मजूर पक्षाचे उरले 28. लिबरल डेमोक्रॅटांच्या एकमेव सदस्य कर्स्टी विल्यम्स यांनी आपलं मत जोन्स यांना दिलं. 29 विरुद्ध 29! आठवडाभर वाटाघाटी झाल्या, जोन्स बिनविरोध निवडले गेले आणि विल्यम्स शिक्षणमंत्री झाल्या. शाळांच्या ज्या नव्या अभ्यासक्रमाची घडण त्यांच्या कारकिर्दीत झाली, तो 2022 पासून वेल्सच्या वर्गांत शिकवला जाऊ लागला. एका आमदाराच्या पक्षाने सगळ्या देशाच्या शाळांवर असा ठसा उमटवला.

2021 मध्ये मजूर पक्ष पुन्हा तिसावर आला. या वेळी प्लाइडने मंत्रिपदं घेतली नाहीत. तीन वर्षांचा सहकार्य करार केला. सर्व प्राथमिक शाळांतल्या मुलांना मोफत जेवण, हे त्यातलं एक कलम. दुसरं कलम विधिमंडळाचाच विस्तार करण्याचं. आता ‘सेनेद’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सभागृहाची रचना बदलायला दोन तृतीयांश, म्हणजे 40 मतं लागत होती. मजूर पक्षाकडे 30, प्लाइडकडे 13. मे 2024 मध्ये विधेयक 43 विरुद्ध 16 मतांनी मंजूर झालं.

या कायद्याने मे 2026 च्या निवडणुकीपासून 60 चे 96 सदस्य केले. मतदारसंघ 16, प्रत्येकी सहा जागा, आणि मत फक्त एक, तेही यादीला. समजा, एका मतदारसंघात पाच पक्षांना 36, 28, 16, 11 आणि 9 हजार मतं पडली. पहिली जागा 36 ला. मग त्याची मतं निम्मी धरायची, 18. दुसरी जागा 28 ला. त्याचे होतात 14. तिसरी 18 ला, चौथी 16 ला, पाचवी 14 ला. पहिल्या पक्षाच्या मतांना आता तिनाने भागलं की 12, आणि सहावी जागा त्याची. 11 हजारवाला पक्ष थोडक्यात हुकला. तीन, दोन, एक अशी वाटणी झाली. मोठ्या पक्षाला थोडं झुकतं माप मिळालं, पण 36 टक्क्यांवर सगळं काही नाही.

या पद्धतीत बहुमताचा आकडा 49, आणि तो एकट्याने गाठणं आधीपेक्षाही कठीण. शिवाय जुने गडही आता भरवशाचे राहिलेले नाहीत. केअरफिली हा मजूर पक्षाचा शंभर वर्षांचा बालेकिल्ला. ऑक्टोबर 2025 च्या पोटनिवडणुकीत तो प्लाइडने जिंकला, रिफॉर्म यूके हा उजवा पक्ष दुसरा आला आणि मजूर पक्ष तिसऱ्या स्थानावर फेकला गेला.

अपुऱ्या बहुमताला आपण अस्थिरता म्हणून मोकळे होतो. वेल्सचा अनुभव वेगळं सांगतो. मोफत जेवण, नवा अभ्यासक्रम, कायदे करण्याचा अधिकार आणि खुद्द सभागृहाचा विस्तार, ही सगळी कामं झाली ती एका पक्षाला दुसऱ्याचं दार ठोठावावं लागलं म्हणून. सर्वांत बलाढ्य पक्षाने स्वतःच्या हाताने आपली ताकद आवरून धरणारा नियम लिहिला, आणि 31 लाखांच्या या छोट्या देशाच्या कारभारात आपल्या विरोधकांनाही जागा करून दिली. लोकशाहीतल्या या मोठेपणाला मला मनापासून दाद द्यावीशी वाटते.