रेड : एक डिस्क निकामी झाली तरी

रुग्णाचा पूर्वेतिहास, रक्ततपासणीचे अहवाल, सीटी स्कॅनच्या प्रतिमा हे सारे आता रुग्णालयातील सर्व्हरवर साठविले जाते. ज्या हार्ड डिस्कवर ही माहिती असते, ती केव्हातरी बंद पडणारच. अशा वेळी माहिती कशी वाचवावी? १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी एक मार्ग मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात व त्यांवर थोडी जादा माहिती राखावी. यालाच ‘रेड’ म्हणतात.

हा समूह सांभाळतो तो रेड कंट्रोलर. अनेक डिस्क मिळून तो एक आभासी डिस्क तयार करतो आणि सर्व्हरला तेवढीच दिसते. कोणती डिस्क कोणत्या समूहातील, याची नोंद बहुतेक कंट्रोलर प्रत्येक डिस्कवरही ठेवतात.

मांडणीचे प्रकार अनेक आहेत. ‘रेड १’ मध्ये एकच माहिती दोन डिस्कवर जशीच्या तशी लिहिली जाते. दोन मूत्रपिंडांपैकी एक निकामी झाले तरी शरीर चालते, तसेच हे. ‘रेड ५’ मध्ये माहितीचे तुकडे सर्व डिस्कवर विभागले जातात व त्यांसोबत एक ताळा लिहिला जातो. तीन डिस्कवर १, ० आणि १ हे अंक असतील, तर १ ची संख्या सम म्हणून चौथीवर ० लिहिला जातो. पुढे दुसरी डिस्क गेली, तरी उरलेल्या अंकांवरून तिथे ० होता हे निश्चित कळते. ४ टेराबाइटच्या चार डिस्कमधून अशा रीतीने १२ टेराबाइट जागा मिळते. ‘रेड ६’ मध्ये ८ टेराबाइटच मिळते. परंतु दोन डिस्क गेल्या तरी माहिती शाबूत राहते.

डिस्क निकामी होताच कंट्रोलर तिला समूहाबाहेर काढतो आणि राखीव डिस्क जोडलेली असल्यास तिच्यावर हरवलेली माहिती पुन्हा रचू लागतो. मोठ्या डिस्कच्या बाबतीत यास कित्येक तास लागतात. या काळात ‘रेड ५’ मधील आणखी एक डिस्क गेली, तर सर्वच माहिती जाते.

खरा धोका पुढेच आहे. एक डिस्क गेल्यावरही काम सुरूच राहते. वेग थोडा मंदावतो, एवढेच. लक्षणे न दाखविणाऱ्या आजाराप्रमाणे हा बिघाड दुर्लक्षित राहतो आणि दुसरी डिस्क गेल्यावरच जाग येते. म्हणून सर्व्हरवरील इशाऱ्याचा दिवा रोज पाहण्याचे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे.

शिवाय रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. व्हायरस, आग वा चोरी यांपुढेही रेड हतबल आहे. यासाठी माहितीची स्वतंत्र प्रत अन्यत्र ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून तपासून पाहावे. आपल्या रुग्णांनी विश्वासाने सोपविलेली ही ठेव आहे. तिची निगा राखणे हाही आपल्या सेवेचाच भाग होय.