मनाचा आजार आणि उंबरठ्याजवळचा उपचार

ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवला की घरातील कोणालाही तो आजारी असल्याचे समजते. मन आजारी पडले असता असा हात कोठे ठेवावा, हे मात्र पुष्कळांस उमगत नाही. काम टाळणारा तरुण आळशी ठरतो. रात्ररात्र जागून स्वतःशीच पुटपुटणाऱ्या सुनेस बाहेरची बाधा झाली असे म्हटले जाते. डोके दुखते, अंगात त्राण नाही, अशी तक्रार घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या झिजविणाऱ्या गृहिणीला नैराश्याने ग्रासलेले असू शकते, ही गोष्ट तर कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. आजाराला त्याचे खरे नाव मिळेपर्यंत कित्येकदा वर्षे उलटून गेलेली असतात.

या विलंबाचे कारण केवळ अज्ञान आहे काय? बंगळूरच्या अनुभवावरून तसे म्हणता येत नाही. या शहरात एकोणिसाव्या शतकापासून मनोरुग्णालय होते. 1954 मध्ये तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि 1974 च्या डिसेंबरात या दोहोंच्या एकत्रीकरणातून ‘निमहान्स’ ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्या तज्ज्ञांनी पुढील एक-दोन वर्षांतच शहराबाहेरील सकलवारा या खेड्यात केंद्र उघडले आणि आसपासच्या गावांकडे लक्ष वळविले. एवढी मोठी संस्था जवळ असूनही तेथे छिन्नमनस्कतेचे व अपस्माराचे असे रुग्ण आढळले, की ज्यांना कधीच नीट उपचार मिळाले नव्हते. रोजगार बुडवून, गाडीभाडे खर्चून शहरातल्या ‘वेड्यांच्या इस्पितळात’ जायचे, आणि तेही लोक काय म्हणतील याची धास्ती बाळगून! खेडुताच्या दृष्टीने ते अंतर मैलांत मोजण्याजोगे नव्हतेच.

म्हणून उपचारच गावाकडे नेण्याचे ठरले. घरोघर हिंडणाऱ्या आरोग्यसेवकांस आजाराची ठळक लक्षणे शिकविण्यात आली. गावात कोणी असंबद्ध बोलते काय, कोणी माणसांतून उठून एकटे बसू लागले आहे काय, कोणास झटके येतात काय, असे साधे प्रश्न त्यांनी विचारावयाचे. निदान व औषधयोजना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी करावयाची. लागणारी औषधे मोजकीच होती. हीच पद्धत 1985 पासून बळ्ळारी जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर अवलंबिली गेली आणि तिच्या आधारे 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात सुरू झाला. तरीही काम फार उरले आहे. निमहान्सने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांस कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य उपचारांवाचून होते.

घरच्या माणसांनी काय पाहावे? दुःख आणि नैराश्य एक नव्हेत. जवळचे माणूस गेले तर मन खचणारच. पण शोकातही एखाद्या आठवणीने हसू येते, नातवंडाला जवळ घ्यावेसे वाटते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटेनाशी झाली, झोप व भूक मोडली, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, तर ‘मन घट्ट कर’ या उपदेशाचा उपयोग नाही. तेथे डॉक्टरच हवा. मरणाची भाषा कोणी बोलू लागले तर ती धमकी समजून सोडून देऊ नये. त्याविषयी सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. विचारावे, ऐकून घ्यावे, त्या माणसास एकटे सोडू नये आणि वैद्यकीय मदत तत्काळ मिळवावी. बरे वाटू लागताच औषध आपल्या मनाने बंद करणे, ही आणखी एक नित्याची चूक. आजार उलटण्याचे ते एक मोठे कारण होय.

10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, आणि तो मराठीतूनही मिळू शकतो.