दोस्ती टिकवायची तर हिशोब कागदावर

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी लक्ष्मीपूजनाला आजही पाटावर एक कोरी वही ठेवतात. वडिलांचा छापखाना बंद होऊन वीसेक वर्षं झाली, पण वहीपूजन चुकलेलं नाही. गेल्या दिवाळीत त्या वहीशेजारी माझ्या भाच्याने आपलीही एक वही आणून ठेवली. "मावशी, आमचाही धंदा सुरू झालाय," तो म्हणाला.

धंदा असा : तीन मित्र. नवरात्रात गरब्याच्या ग्रुपना नक्षी छापलेले कुर्ते आणि टी-शर्ट करून द्यायचे. एकाने छपाईचं मशीन आणलं, एक डिझाइन करतो, आणि आमचे चिरंजीव गिऱ्हाईक आणतात. पहिल्याच नवरात्रात बेचाळीस हजारांची विक्री झाली होती. पैसे सगळे मशीनवाल्याच्या खात्यात.

मी कॉलेजात वाणिज्य शाखेला व्यापारी कायदा शिकवते, त्यामुळे सवयीने विचारलं, "मशीन कोणाचं? तिघांचं की त्याचं एकट्याचं? नफा कसा वाटणार? आणि उद्या एकजण शिकायला कॅनडाला गेला तर?"

तो हसला. "अगं मावशी, आम्ही दोस्त आहोत. आमच्यात कसली लिखापढी?"

आरामखुर्चीत बसलेल्या बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. हे वाक्य आमच्या घरात याआधी एकदा बोललं गेलं होतं. बोलणारे बाबाच होते.

बाबांच्या छापखान्याची गोष्ट

बाबांनी आणि त्यांच्या एका मित्राने रावपुऱ्यात छापखाना काढला तेव्हा मी शाळेत होते. कंकोत्र्या, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं असायची. ते काका दर रविवारी आमच्याकडे जेवायला असत. "निम्मं तुझं, निम्मं माझं" एवढंच चहा पिताना ठरलं होतं. कागद केला नाही, पेढी नोंदवली नाही.

नऊ वर्षं सुरळीत गेली. मग एका व्यापाऱ्याने वर्षभर लेबलं आणि कॅटलॉग छापून घेतले आणि अडतीस हजार रुपये थकवले. जुना गिऱ्हाईक, दारात कसं बसायचं, म्हणून दोघेही गोड बोलत राहिले. तोही "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणत राहिला. शेवटी बाबा न्यायमंदिराजवळच्या एका वकिलांकडे गेले.

वकिलांनी दोनच प्रश्न विचारले. पेढी नोंदवलेली आहे का? आणि शेवटचं बिल कधीचं?

पेढी नोंदवलेली नव्हती. बिलाला तीन वर्षं आणि चार महिने झाले होते. मधल्या काळात त्या व्यापाऱ्याने "एवढं देणं आहे" असं लिहून दिलं नव्हतं, की थोडी रक्कमही भरली नव्हती.

या दोन प्रश्नांमागचे कायदे मी आज वर्गात शिकवते. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा. पेढीची नोंदणी करायलाच हवी असं तो म्हणत नाही. पण कलम ६९ सांगतं की, नोंदणी नसलेल्या पेढीला करारातून आलेल्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र त्या पेढीवर दावा लावता येतो. नोंदणी उशिरा केली आणि मग दावा लावला तरी चालतं, पण मुदत शिल्लक असेल तरच. विकलेल्या मालाच्या किंवा केलेल्या कामाच्या पैशांसाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी देणं कबूल केलं, तर तिथून नवी तीन वर्षं मोजतात. म्हणजे वेळेत एक सहीची चिठ्ठी घेतली असती, तर नोंदणी करून दावा लावायला सवड मिळाली असती. बाबांनी ती मागितली नाही, कारण मागणं बरं दिसलं नसतं.

त्याच सुमाराला कागदाचे व्यापारी आमच्या दारात आले. काकांनी पेढीच्या नावावर उधारीने कागद घेतला होता. त्यात लबाडी नव्हती, धंद्यासाठीच घेतला होता. पण बाबांना ते माहीत नव्हतं. "मी घेतलाच नाही" म्हणून सुटका होत नाही, कारण धंद्याच्या नेहमीच्या कामात प्रत्येक भागीदार पेढीचा प्रतिनिधी असतो. त्याने घेतलेलं देणं सगळ्यांचं देणं होतं, आणि व्यापारी ते सगळ्यांकडून किंवा कोणाही एकाकडून पूर्ण वसूल करू शकतो. काकांकडे पैसे नव्हते. सत्तावीस हजार बाबांनी भरले. आईच्या दोन बांगड्या गेल्या.

काका रविवारचे यायचे थांबले. कोणीच कोणाला फसवलं नव्हतं. "मला का सांगितलं नाही?" आणि "विचारलं का नाही?" या दोन वाक्यांपुढे त्यांचं बोलणं कधी गेलंच नाही.

शब्द कधी करार होतो?

भाच्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बरोबर होता : "म्हणजे तोंडी बोलणं कायद्याला मान्यच नाही का?"

मान्य आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा सर्वसाधारण व्यवहारात लेखी कागद मागत नाही. मोबाइलवरच्या निरोपांतूनही करार होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक कराराला मान्यता दिलेली आहे. कायदा वेगळ्याच गोष्टी बघतो. एकाचा प्रस्ताव आणि दुसऱ्याचा स्वीकार हवा. दोघांची संमती मोकळी हवी, म्हणजे धाक, दडपण, फसवणूक किंवा चुकीची माहिती नको. दोघे करार करायला पात्र हवेत. देवाणघेवाणीत मोबदला हवा. आणि उद्देश कायदेशीर हवा. तोंडी कराराची अडचण पुढे येते. तो झाला होता हे सिद्ध कसं करणार?

वर्गात ही कलमं मी निवाड्यांतून शिकवते, कारण निवाडे म्हणजे शेवटी माणसांच्याच गोष्टी.

१९१३ चा लालमन शुक्ला यांचा खटला घ्या. कानपूरच्या एका गृहस्थांचा पुतण्या घरातून नाहीसा झाला. त्यांनी आपल्या मुनिमाला शोधायला हरिद्वारला पाठवलं आणि मागाहून ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. मुनिमाने मुलगा शोधून काढला, पण तेव्हा त्याला बक्षिसाची खबर नव्हती. पुढे त्याने बक्षिसासाठी दावा लावला आणि तो हरला. जो प्रस्ताव कानावरच आला नाही, त्याचा स्वीकार कसा होणार?

दुसरा निवाडा आपल्या मंडळाच्या वर्गणीसाठी फार कामाचा आहे. हावड्याला टाउन हॉल बांधायचा होता. वर्गणीची यादी फिरली आणि एका गृहस्थांनी शंभर रुपयांचा आकडा टाकून सही केली. अशा आकड्यांच्या भरवशावर कंत्राटदाराला काम दिलं गेलं, आणि मग या गृहस्थांनी पैसे द्यायचं नाकारलं. १८८६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सांगितलं, द्यावे लागतील. याउलट १९१४ च्या अलाहाबादच्या एका प्रकरणात मशिदीच्या दुरुस्तीसाठी एकाने पाचशे रुपये कबूल केले होते, पण दुरुस्तीचं काही कामच सुरू झालं नव्हतं. तिथे वसुली झाली नाही. नुसता शब्द हा दानाचा शब्द राहतो. त्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने खर्चाची जबाबदारी अंगावर घेतली, की प्रकरण बदलतं.

तिसरा निवाडा ऐकून भाचा गप्प झाला. कलकत्त्याच्या धर्मदास घोष याने आपली मालमत्ता गहाण ठेवून सावकाराकडून वीस हजारांचं कर्ज ठरवलं. तो तेव्हा अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेला होता, आणि सावकाराच्या माणसाला ते ठाऊक होतं. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९०३ मध्ये निकाल लागला की, अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच शून्य असतो. सावकाराला दिलेले पैसेही परत मिळाले नाहीत.

"मावशी," भाचा म्हणाला, "आमचा डिझाइनवाला साडेसतराच वर्षांचा आहे."

तुम्ही ठरवलं नाही, तर कायदा ठरवतो

भागीदारी कायद्यात अशा मुलासाठी सोय आहे. अठरा पूर्ण नसलेला मुलगा भागीदार होऊ शकत नाही, पण बाकी सगळ्या भागीदारांच्या संमतीने त्याला नफ्यात वाटा देता येतो. पेढीच्या देण्यासाठी त्याचा तेवढा वाटाच अडकतो, त्याच्या घरच्या पैशाला हात लागत नाही. सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने जाहीर सूचना देऊन आत की बाहेर ते सांगायचं. गप्प बसला तर तो भागीदार झाला असं धरतात.

बाकीच्या मुद्द्यांवर मुलांनी काहीच ठरवलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, ठरवलं नाही म्हणजे सगळं मोकळं आहे. तसं नसतं. भागीदारांनी ठरवलं नसेल तिथे कायद्याचे तयार नियम लागू होतात. नफा आणि तोटा सारखा वाटायचा, मग एकाने दिवसभर राबून काम केलेलं असो की एकाने नुसती सही केलेली असो. कामाबद्दल पगार कोणालाच नाही. भांडवलापेक्षा जास्त रक्कम कोणी पेढीला दिली, तर तिच्यावर वर्षाला सहा टक्के व्याज. हिशोबाच्या वह्या बघायचा हक्क प्रत्येकाला. आणि मुदत ठरवलेली नसेल तर कोणीही भागीदार बाकीच्यांना लेखी सूचना देऊन भागीदारी मोडू शकतो. हे नियम वाईट नाहीत, पण ते तुमचा धंदा बघून केलेले नाहीत.

देणं अंगाशी येईल अशी भीती असेल, तर २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी किंवा खाजगी कंपनी हे मार्ग आहेत. तिथे संस्थेचं देणं सहसा संस्थेपुरतंच राहतं. पण त्यांचे दरवर्षीचे कागद आणि खर्च असतात. तीन मुलांच्या छपाईला आत्ता साधी, नोंदवलेली भागीदारी पुरे.

तीन पानं

पुढच्या रविवारी तिघे आमच्या घरी आले. मी त्यांना वेगवेगळं बसवलं आणि एकच काम दिलं : मशीनबद्दल तुमचं काय ठरलंय, ते दोन ओळींत लिहा.

मशीन आणणाऱ्याने लिहिलं, "पेढीला दिलेलं कर्ज, पंचवीस हजार. आधी ते फेडायचं, मग नफा." माझ्या भाच्याने लिहिलं, "त्याचं भांडवल." तिसऱ्याने लिहिलं, "मशीन तिघांचं."

एकाच मशीनबद्दल तीन उत्तरं आली होती, आणि तिघेही खरं बोलत होते. अर्धा तास चांगलीच वादावादी झाली. मशीनवाला उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. भाचा माझ्याकडे रागाने बघत होता, जणू भांडण मीच लावलं. आईने चिवड्याच्या वाट्या आणल्या, तेव्हा कुठे तो आत आला. पण हा वाद बेचाळीस हजारांच्या विक्रीवर झाला. चार लाखांवर झाला असता, तर वाट्या आणूनही कोणी आत आलं नसतं.

संध्याकाळपर्यंत तीन पानं तयार झाली. मशीन हे कर्ज, दर महिन्याला फेड. पेढीचं बँकखातं वेगळं, पैसे काढायला दोन्ही सज्ञान भागीदारांच्या सह्या. पाच हजारांवरची उधारी सगळ्यांना विचारूनच. अठरा पूर्ण होईपर्यंत तिसऱ्याला फक्त नफ्यात वाटा. कोणी सोडून गेलं तर हिशोब किती दिवसांत द्यायचा, तेही लिहिलं. त्यावरून वकिलांकडून स्टॅम्पपेपरवर रीतसर दस्त करून घ्यायचा आणि पेढी नोंदवायची, असं ठरलं. मी शिकवते, वकिली करत नाही. तुम्हीही शेवटचा मसुदा वकिलांना दाखवाच.

पण वकिलांकडे जाण्याआधी ही तीन पानं स्वतःच्या हाताने लिहा. दुकान दोन भावांचं असो, डबे पुरवणाऱ्या दोन जावांचा धंदा असो, की कॉलेजच्या मित्रांचं ॲप असो. कागद मागणं म्हणजे अविश्वास, असं आपल्या घरांत मानतात. आमच्या घरात अविश्वास कागद नसल्यामुळे आला.

मुलांनी ती पानं बाबांना दाखवली. चष्मा लावून त्यांनी तिन्ही पानं सावकाश वाचली, दुसरं पान पुन्हा वाचलं. मग विचारलं, "तारीख कुठे आहे?"

तारीख कोणीच घातली नव्हती. बाबांनी खिशातलं पेन काढून भाच्याच्या हातात दिलं.