गाडीचे चार्जिंग, घरचे वायरिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विजेवरच्या मोटारीसोबत मिळणारा घरगुती चार्जर बहुधा ३.३ किलोवॅटचा असतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो १४ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह ओढतो. न्हाणीघरातला दोन किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो. हे आकडे शेजारी ठेवले की चार्जर म्हणजे जरा मोठा गिझर असे वाटते, आणि घरच्या वायरिंगबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. गिझर वीस मिनिटांत तापून बंद होतो, एसीचा कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो. रिकामी झालेली मोटार मात्र रात्री दहाला जोडली की सकाळपर्यंत तेवढाच प्रवाह अखंड ओढत राहते. भाराचा आकडा महत्त्वाचा आहेच, पण तारा आणि सांधे तापतात ते या लांबलेल्या वेळामुळे.

‘पॉवर प्लग आहे ना, मग लावा चार्जर’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. बोलीत ज्याला १५ अँपिअरचा पॉवर प्लग म्हणतात तो भारतीय मानकानुसार १६ अँपिअरचा असतो आणि कागदावर १४ अँपिअर त्याला पेलतात. प्रश्न असतो तो आतल्या स्क्रूचा आणि वापरून सैल झालेल्या पितळी पकडीचा. सांध्याचा रोध अवघा ०.१ ओहम वाढला, तरी १४ अँपिअर प्रवाहाला तिथे सुमारे २० वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच ताकदीचे असते. ते प्लगच्या पोटात आठ तास तापत ठेवल्यावर प्लास्टिक पिवळे पडते, मग काळे पडते. तोच सैल सांधा ३२ अँपिअरच्या चार्जरला लागला तर उष्णता जवळजवळ पाचपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

चार्जरसाठी मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून थेट आणलेले स्वतंत्र सर्किट असावे आणि त्यावर दुसरे काहीही नसावे. १६ अँपिअरसाठी २.५ ऐवजी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेणे शहाणपणाचे आहे, आणि ३२ अँपिअरसाठी किमान ६. अंतर वाढले की हा हिशेबही बदलतो. सोसायटीत मीटर जिन्याखाली आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला, असे चित्र नेहमीचेच आहे. ६० मीटर अंतरावर ६ चौरस मिलिमीटरच्या तारेतून ३२ अँपिअर नेले तर जाऊन-येऊन सुमारे १२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि पावणेचारशे वॅट तारेत जिरतात. एवढ्या अंतराला १० चौरस मिलिमीटरची तार लागते. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून एकच तार वाटून घेणे हा बचतीचा मार्ग नव्हे.

तार पुरत नाही म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड लावणे ही सवय तर सोडलीच पाहिजे. बाजारातल्या पुष्कळ एक्स्टेन्शन बोर्डांची तार १ ते १.५ चौरस मिलिमीटरची असते. गुंडाळी न सोडता वापरली की तिची उष्णता बाहेरही पडत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षा नियमांत चार्जिंगविषयी तरतुदी केल्या, तेव्हा गाडी आणि चार्जिंग साधन यांच्यामध्ये अशी जादा जोडतार वापरण्यास स्पष्ट मनाई केली.

‘एमसीबी पडतो, मोठा बसवा’ ही तक्रार आणि हा उपाय घरोघरी ऐकू येतो. एमसीबी तारेच्या रक्षणासाठी असतो; त्यावरचा आकडा त्याच्यामागे किती जाडीची तार आहे यावरून ठरतो. शिवाय तो त्या आकड्याला लगेच पडत नाही. मानकानुसार १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर तरी टिकतो आणि २३ अँपिअरवर तासाभरात पडलाच पाहिजे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर तीतून ३६ अँपिअर तासभर वाहिले तरी तो हलणार नाही. भिंतीतल्या पाइपात इतर तारांसोबत दडपलेल्या त्या तारेला २० अँपिअरच्या आसपासचा प्रवाहच झेपतो. पडणारा एमसीबी बहुतेक वेळा खरे तेच सांगत असतो.

एमसीबी माणसाला वाचवत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. ते काम आरसीसीबीचे. बोलीत अजूनही त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. पण ‘घराला आरसीसीबी आहे, तोच चार्जरलाही पुरेल’ हा समजही तपासून घ्यावा लागतो. जुन्या घरांत बहुधा एसी प्रकारचा आरसीसीबी असतो आणि त्याला फक्त प्रत्यावर्ती प्रवाहाची गळती ओळखता येते. गाडीच्या चार्जरमध्ये प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर होते, त्यामुळे बिघाडात एकदिश गळतीही होऊ शकते. ती ६ मिलिअँपिअरच्या वर गेली की साध्या आरसीसीबीचा गाभा चुंबकीयदृष्ट्या तुंबतो आणि पुढे खरी गळती झाली तरी तो पडेलच याची खात्री उरत नाही. म्हणून चार्जरच्या सर्किटला बी प्रकारचा आरसीसीबी लावतात, किंवा ए प्रकारचा लावून ६ मिलिअँपिअरची एकदिश गळती ओळखण्याची सोय चार्जिंग बॉक्समध्येच आहे का ते पाहतात. बोर्डातल्या खर्चात काटकसर करण्याची ही जागा नाही.

अर्थिंगबाबत दोन उलटसुलट समज आहेत. एक, अर्थिंग भक्कम असले की आरसीसीबी नको. घरच्या इलेक्ट्रोडचा रोध ५ ओहम असेल तर फेज गाडीच्या अंगाला टेकल्यावर जमिनीतून फार तर ४६ अँपिअर वाहतील. डीपीकडच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या, अर्थिंगचा रोध धरला तर त्याहूनही कमी. ३२ अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर तासाभरातही पडेल असे सांगता येत नाही, आणि तोवर गाडीचा पत्रा जिवंत राहतो. अर्थिंग नसले तरी न्यूट्रलवर भागते, हा दुसरा समज अधिक घातक आहे. चार्जर जोडताना आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर लाल दिवा लावून थांबतो. मग कोणी तरी सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एका तारेने जोडून देतो. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते. पुढे कधी न्यूट्रल वाटेत तुटला की पूर्ण २३० व्होल्ट त्या जोडणीवाटे गाडीच्या अंगावर येतात. योग्य उपाय जमिनीतच करावा लागतो. काळ्या चिकण मातीत ओल टिकते आणि रोध कमी मिळतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्यातून पाणी निथळून जाते, तर देशावर कातळ वर आलेला असेल तिथे इलेक्ट्रोड खोल जात नाही. अशा जागी एकाऐवजी दोन-तीन इलेक्ट्रोड अंतर ठेवून रोवणे, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालणे आणि रोध मीटरने मोजून घेणे गरजेचे ठरते.

चार्जिंग बॉक्स जितका मोठा तितकी गाडी लवकर भरेल, असेही नाही. भिंतीवरचा डबा वीज फक्त सुरक्षितपणे गाडीच्या हवाली करतो. खरा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर ७.२ किलोवॅटच्या बॉक्सवरही ती ३.३ च घेते. गरजही अनेकदा वाटते त्यापेक्षा कमी असते. रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला, युनिटला ७ किलोमीटर धरले तर, पावणेसहाच्या आसपास युनिट लागतात, ३.३ किलोवॅटवर तेवढे दोन तासांत भरतात. स्कूटरचे चार्जर तर बहुधा किलोवॅटच्या आतच असतात. त्यांना अर्थिंग असलेला चांगला साधा प्लगही चालतो. मात्र घराबाहेर पडायच्या एकमेव दारात किंवा जिन्यात बॅटरी चार्जिंगला ठेवू नये. आग लागली तर वाटच बंद होते.

पावसात चार्जिंग करू नये, हा समज अर्धाच खरा आहे. गाडीत बसणाऱ्या बंदुकीसारख्या कनेक्टरमध्ये गाडी आणि बॉक्स यांचा संकेत जुळल्याशिवाय वीजच येत नाही. धोका असतो तो उघड्यावरच्या साध्या पॉवर प्लगला आणि जमिनीलगत बसवलेल्या सॉकेटला. नियमानुसार सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवे. जिथे पार्किंगमध्ये पाणी तुंबते तिथे त्याहून वर.

घरी गाडी चार्ज करायला परवाना लागत नाही. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नव्हे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले, आणि जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरच्या चालू जोडणीवरच चार्जिंग करण्याची मुभा दिली. बिलावरचा ‘मंजूर भार’ मात्र पाहायलाच हवा. तो ३ किलोवॅट असताना ७.२ किलोवॅटचा बॉक्स बसवायचा असेल तर आधी भारवाढीचा अर्ज करावा लागतो, कदाचित तीन फेजची जोडणीही घ्यावी लागते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढत असल्यामुळे गाडीचे युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यात मोजले जातात. खर्चाचा अंदाज बांधताना पहिल्या शंभर युनिटांचा दर धरणे ही चूक आहे.

बॅकअपच्या बाबतीत पहिला गैरसमज क्षमतेचा आहे. घरोघरी दिसणारी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी कागदोपत्री १.८ युनिट साठवते. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती, म्हणजे अशा जवळपास सतरा बॅटऱ्या. त्यामुळे इन्व्हर्टरवर मोटार भरण्याचा विचारच सोडावा, आणि चार्जरचे सर्किट इन्व्हर्टरच्या वाटणीतून वेगळे ठेवावे. इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी उगाच पडतो, ही तक्रार बहुधा आरसीसीबीच्या दोषामुळे नसते. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. न्यूट्रल वेगळे केले की ती थांबते.

‘छतावर सौर पॅनेल आहेत, आता लाईट गेली तरी चिंता नाही’ हा समज प्रधानमंत्री सूर्यघर योजनेनंतर पुष्कळ पसरला आहे. ग्रिडला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर पुरवठा जाताच स्वतःहून बंद होतो, भर दुपारीसुद्धा. बंद वाहिनीवर काम करणाऱ्याच्या अंगावर छतावरची वीज जाऊ नये म्हणून तशी रचनाच केलेली असते. लाईट गेल्यावर सौर वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर आणि वेगळे केलेले बॅकअप सर्किट लागते.

काही गाड्यांमधून बाहेर वीज घेता येते. आयोनिक ५ मधून ३.६ किलोवॅटपर्यंत. ती सोय फ्रिज, पंखा, मिक्सर थेट गाडीला जोडण्यासाठी आहे. गाडीतून आणलेली तार दोन्ही टोकांना पिना लावून घराच्या प्लगमध्ये खुपसणे अत्यंत धोक्याचे आहे, आणि छोट्या जनरेटरबाबतही हेच प्रकार होतात. मेन स्विच चालू राहिला तर वीज मीटरमधून उलटी डीपीत शिरते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो, त्यामुळे घरचे २३० व्होल्ट ११ हजार व्होल्टच्या वाहिनीवर हजारो व्होल्ट होऊन चढतात, आणि फ्यूज काढून ती बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जातो. शिवाय त्या तारेचे एक टोक निसटले तर पिना उघड्यावर जिवंत असतात. मेन स्विच आठवणीने बंद करण्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्यासाठी चेंजओव्हर स्विच असतो. त्याचा दांडा एका वेळी महावितरणची लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच घराशी जोडतो, मधल्या स्थितीत दोन्ही तोडतो. तो दोन पोलचा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा असावा, आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून बसवून त्याचा टेस्ट रिपोर्ट घ्यावा.