कार्यप्रणालीची श्रेणीवाढ आणि परवाना

घरातील संगणक मंदावला किंवा वारंवार अडू लागला की शेजारचा एखादा जाणकार सांगतो, "फॉरमॅट मारा आणि नवे विंडोज टाकून घ्या." सल्ला चुकीचा असतोच असे नाही, परंतु त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. संगणकात साठवलेले सर्व काही सुखरूप परत मिळेल, ही पहिली. आणि नवी प्रणाली वापरण्याचा अधिकार आपल्यापाशी आहे, ही दुसरी. पुष्कळदा या दोहोंपैकी एकही खरी नसते.

संगणकाचे यंत्रभाग आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्यामध्ये राहून सर्व कामांचे नियंत्रण करणारी आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कार्यप्रणाली होय. तिच्यात होणारे बदल दोन प्रकारचे असतात. असलेल्या प्रणालीतील उणिवा दूर करणे किंवा तिच्यात थोडी भर घालणे, याला अद्यतन म्हणजे अपडेट म्हणतात. रुपयाचे नवे चिन्ह भारत सरकारने २०१० साली स्वीकारले, तेव्हा ते विंडोज ७ मध्ये नव्हते. पुढे २०११ साली एका अद्यतनाद्वारे ते त्या प्रणालीत आले. जुनी प्रणाली जाऊन तिच्या जागी पुढची आवृत्ती येणे, ही मात्र श्रेणीवाढ म्हणजे अपग्रेड. परवान्याचा प्रश्न प्रामुख्याने येथे उभा राहतो.

आपण दुकानातून पातेले आणतो तेव्हा ते आपल्या मालकीचे होते. कार्यप्रणालीचे तसे नाही. पैसे देऊन आपण ती वापरण्याची अनुमती घेतो आणि या अनुमतीला परवाना म्हणतात. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृतीप्रमाणेच संरक्षण दिले आहे. अनधिकृत प्रत संगणकावर जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३ ब नुसार तुरुंगवास व दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे.

परवाना खरा आहे की नाही, हे तपासण्याच्या क्रियेला सक्रियन किंवा ॲक्टिव्हेशन म्हणतात. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून ही क्रिया घरगुती संगणकांच्या परिचयाची झाली. खोक्यावरील किंवा चिकटपट्टीवरील पंचवीस अक्षरांची व अंकांची किल्ली संगणकात भरावी लागे. मग प्रणाली संगणकाच्या निरनिराळ्या भागांवरून एक ओळखचिन्ह तयार करी आणि ते किल्लीसह कंपनीकडे पाठवी. इंटरनेट नसल्यास दूरध्वनीवरून लांबलचक आकडा सांगावा लागे आणि उत्तरादाखल मिळालेला तितकाच लांबलचक आकडा अचूक टिपावा लागे! तीस दिवसांत हे केले नाही, तर एक्सपी आत प्रवेशच देत नसे. विंडोज १० व ११ इतक्या कठोर नाहीत. संगणक चालू राहतो. परंतु पडद्याच्या कोपऱ्यात सूचना झळकत राहते आणि पडद्याचे रंगरूप बदलता येत नाही.

परवाना नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हे येथे नीट समजून घ्यावे, कारण बहुतेकांचे नुकसान याच ठिकाणी होते. तयार संगणकासोबत, विशेषतः लॅपटॉपसोबत, येणारा परवाना त्या यंत्रापुरताच असतो. २०१२ साली विंडोज ८ आल्यापासून त्याची किल्ली बहुधा यंत्राच्या मुख्य पटलावरच, म्हणजे मदरबोर्डवर, साठवलेली असते. त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा बसवल्यास ती आपोआप ओळखली जाते. मात्र आपला परवाना 'होम' या प्रकाराचा असताना कारागिराने 'प्रो' बसवून दिल्यास सक्रियन होत नाही, आणि ग्राहकाला वाटते की परवानाच संपला. मुख्य पटल बदलल्यास यंत्र नवे मानले जाते व असा परवाना सहसा उरत नाही. याउलट, स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग आणून जोडून घेतलेल्या संगणकाला मुळात कोणताच परवाना नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो. पावती मागितली की यांतील बरेचसे स्पष्ट होते. सक्रियन टाळण्यासाठी जे चोरटे कार्यक्रम वाटले जातात, त्यांच्यासोबत घातक आज्ञावली संगणकात शिरण्याचा धोका असतो. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर तर ते मुळीच नसावेत.

श्रेणीवाढीपूर्वी सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशन हे पान उघडून आवृत्तीचे नाव व परवान्याची स्थिती कागदावर लिहून ठेवावी. नंतर छायाचित्रे, पत्रे, हिशेब यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि तेथून एक-दोन धारिका उघडून पाहाव्यात. प्रत घेतली पण ती उघडतच नाही, असे प्रसंग घडतात.

मराठी वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी युनिकोड ही सामाईक संकेतपद्धती आणि मंगल हा टंक आला. तोपर्यंत, आणि पुढेही बरीच वर्षे, मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांच्या स्वतंत्र टंकांत लिहिला जाई. फॉरमॅट केल्यावर हे टंक पुसले जातात आणि जुने पत्र उघडले असता मराठीऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन गर्दी दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो. तो वाचण्याचे साधन हरवलेले असते. म्हणून टंकांच्या धारिकांचीही प्रत ठेवावी, किंवा महत्त्वाचा मजकूर आधीच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. एखाद्या संस्थेची वीस वर्षांची इतिवृत्ते अशा टंकांत असतील, तर हे काम एका दुपारचे नव्हे.

हा विषय अलीकडे अनेक घरांत आला, कारण विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देऊ करण्यात आली. मुदत संपल्यावर संगणक बंद पडत नाही, पण नव्याने सापडलेल्या उणिवा बुजवल्या जात नाहीत. विंडोज १० चा खरा परवाना असल्यास विंडोज ११ कडे जाण्यासाठी वेगळी किंमत द्यावी लागत नाही. अडचण यंत्राची असते. किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि मान्य यादीतील प्रक्रियक आवश्यक असतो. त्यामुळे एरवी ठणठणीत असलेले अनेक संगणक अपात्र ठरतात.

अशा संगणकासाठी नवीन यंत्र घेणे हा एकच मार्ग नाही. लिनक्सवर आधारलेल्या कित्येक प्रणाली विनामूल्य मिळतात. त्यांना किल्ली नाही आणि सक्रियनही नाही. त्यांचाही परवाना असतो, परंतु तो प्रती काढण्यास व वाटण्यास मुभा देतो. सी-डॅक या शासकीय संस्थेने चेन्नई येथे विकसित केलेली 'बॉस' ही अशीच प्रणाली. तमिळनाडू शासनाने २०११ साली विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांत विंडोजसोबत 'बॉस'ही दिलेली होती. कुंभकोणमच्या परिसरातील एखाद्या गावातल्या मुलाला लॅपटॉप सुरू करताना दोहोंपैकी एक निवडता येई. मराठी युनिकोड लेखन लिनक्सवरही होते. मात्र केवळ विंडोजसाठी बनवलेले हिशेबाचे कार्यक्रम तेथे चालतीलच असे नाही. बहुतेक लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच सुरू करून पाहता येतात. जुन्या डिस्कला हात न लावता छपाईयंत्र, आवाज व इंटरनेट चालते का, हे त्या वेळी तपासावे आणि मगच ती बसवायची की नाही ते ठरवावे.