लेथ घ्यावा, पण पारखून

जोयडा तालुक्याचे जुने ठाणे सुपा. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि ते गाव जलाशयाच्या पोटात गेले. ज्या तालुक्याने राज्याला वीज दिली, त्याच तालुक्यातील शेतकऱ्याचा पंपाचा शाफ्ट वाकला किंवा भात गिरणीचा बुश झिजला, की त्याला दांडेली किंवा बेळगावची वाट धरावी लागते. तासाभराच्या कामासाठी दिवस मोडतो आणि ऐन हंगामात तो दिवस सोन्याच्या मोलाचा असतो. म्हणून आयटीआय होऊन आलेला एखादा तरुण घराच्या पडवीत लेथ बसविण्याचे मनात आणतो, तेव्हा त्याची ती हौस नसते. गावाची गरजच त्याच्या मुखातून बोलत असते. अशा तरुणाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

परंतु स्वागताबरोबर चार शब्द सावधगिरीचेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. या खरेदीत बहुधा बापाच्या सुपारीचे पैसे आणि आईचे दागिने गुंतलेले असतात. नवे यंत्र आवाक्याबाहेर असल्याने पावले साहजिकच जुन्या यंत्रांच्या बाजाराकडे वळतात. तेथे ताज्या रंगाला भुलू नये. रंगाचा डबा स्वस्त असतो, झिजलेला बेड नव्हे. लेथचा बेड सर्वांत जास्त झिजतो तो चकजवळ, कारण बहुतेक काम तेथेच होते. सॅडल चकजवळ बेताची घट्ट करावी आणि हळूहळू टेलस्टॉककडे न्यावी. तिकडे ती अडू लागली, तर झीज झाली असे खुशाल समजावे. चकमध्ये जाड सळई धरून ती वर उचलून पाहावी, म्हणजे स्पिंडलच्या बेअरिंगमधील ढिलाई कळते. शेवटी विक्रेत्यासमोरच एक तुकडा कातून त्याची दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजावीत. जो विक्रेता यंत्र चालवून दाखवीत नाही, त्याच्या दारातून परत फिरण्यात कमीपणा नाही.

सोबतची दातेरी चाके मोजून घ्यावीत. एक जरी हरवले असले, तरी काही आटे पाडता येत नाहीत. लीडस्क्रू इंचाचा असेल, तर मिलिमीटरचे आटे अचूक पाडण्यासाठी १२७ दात्यांचे चाक लागते. म्हैसूर किर्लोस्करचा १९४१ साली हरिहरला निघालेला लेथचा कारखाना आता बंद आहे. अशा जुन्या बनावटीचे यंत्र घेताना सुटे भाग कोठून मिळतील, हे आधी विचारावे.

यंत्र घरी आले म्हणजे प्रश्न संपले असे नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर टनाच्या आसपासचे धूड स्थिर राहत नाही. त्याला काँक्रीटचा पाया आणि पाणसळीने साधलेली पातळी हवी. रानातल्या वाडीत थ्री फेज वीज मिळेलच असे धरून चालू नये. मोटर ठरविण्यापूर्वी वीज कचेरीत चौकशी करावी. आमच्या पावसाळ्यात उघड्या लोखंडावर रातोरात तांबेरा चढतो, म्हणून काम संपताच तेलाचा हात फिरवणे देवापुढच्या दिव्याइतके नित्याचे असावे. आणि सैल बाही, हातमोजे किंवा चकमध्ये विसरलेली चावी यांना लेथ क्षमा करीत नाही. पडवीत लहान मुले वावरतात, याचे भान तर क्षणभरही सुटू नये.

मिलिंग यंत्राचा मोह तूर्त आवरावा. गावाचे बहुतेक काम गोल आहे: शाफ्ट, बुश, पुली, पिन. लेथ स्वतःचे पोट भरू लागला, की पुढचे यंत्र त्याच्याच कमाईतून येऊ द्यावे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात आरंभ केला तो सायकलींच्या दुकानाने. चित्रकलेकडून यंत्रांकडे वळलेल्या या माणसाने शेतकऱ्याची गरज ओळखून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, ही समजूत त्यांना आधी मोडावी लागली. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर. आधी गिऱ्हाईकाची नड, मग यंत्र, मग कारखाना, हा त्यांचा क्रम होता. आमच्या तरुणांनी तो उलटा करू नये. लेथ घेण्यापूर्वी महिनाभर वहीत टिपून ठेवावे की पंचक्रोशीतील कोणते काम बाहेरगावी जाते आणि त्याला किती दाम पडतात. त्या वहीने होकार दिला, तरच पैशाच्या पिशवीची गाठ सोडावी.

गाव बुडाले, ते परत आणता येत नाही. परंतु गावातून दूर जाणारे काम आणि त्यापाठोपाठ निघालेला तरुण, या दोघांना परत आणणे अजून आमच्या हाती आहे.