रंगविलेली ओळ आणि बदललेली ओळ

दोन फायली शेजारीशेजारी मांडून त्यांतील तफावत रंगवून दाखविणारी सॉफ्टवेअर आता संगणकतज्ज्ञांपुरती न राहता वकिलाच्या दप्तरापासून प्रकाशकाच्या टेबलापर्यंत पोहोचली, हे स्वागतार्हच होय. परंतु त्यांच्याबरोबर ‘जी ओळ रंगली तीच माणसाने बदलली, आणि जी रंगली नाही तिला कोणी हात लावलेला नाही’ अशी एक भाबडी श्रद्धाही सर्वत्र पसरली असून, कितीदाही खोडून काढली तरी ती नव्या दिमाखाने पुन्हा समोर उभी राहते.

वस्तुस्थिती अशी की, मसुद्यात कोणी, केव्हा, काय फिरविले याची सॉफ्टवेअरला वार्ताही नसते. घटना घडून गेल्यावर पंचनाम्याला आलेल्या पंचासारखे ते केवळ दोन अवस्था पाहते, एक जुनी आणि एक नवी. दोहोंत एकाच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची सर्वांत लांब मालिका शोधावयाची आणि तीत न बसणाऱ्या ओळी वगळल्या किंवा घातल्या म्हणून जाहीर करावयाच्या, ही या विद्येची मूळ रीत. बेल प्रयोगशाळेतील ‘डिफ’ या आज्ञेमागील ही पद्धत हंट आणि मॅकिलरॉय यांनी १९७६ च्या अहवालात विशद केली. कमीत कमी फेरफारांत काम भागविण्याची जी रीत यूजीन मायर्स यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यावरच फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारे ‘गिट’ आजही, वेगळा हुकूम नसेल तर, चालते.

करारनाम्यातील लागोपाठच्या दोन एकोळी अटी, एक आगाऊ रकमेची व दुसरी मुदतीची, परस्परांच्या जागी ठेवून पाहा. पहिली खाली गेली म्हणावे, की दुसरी वर आली? दोन्ही उत्तरांत एक ओळ वगळणे आणि एक घालणे, म्हणजे हिशेब समसमान. सॉफ्टवेअर त्यांतील एक उत्तर निवडते आणि उरलेल्या अटीला निर्दोष ठरवून मोकळे होते. तेवढ्यावर ‘मुदतीला मी हात लावला नाही, हा घ्या पुरावा’ म्हणून पडद्याचे चित्र पुढे करणाऱ्या गृहस्थांपुढे हात टेकावे लागतात! ‘गिट’ला ‘पेशन्स’ किंवा ‘हिस्टोग्राम’ पद्धत सांगितली, तर त्याच दोन फायलींची निराळी तफावत निघू शकते. मग यांतील कोणती खरी मानावयाची?

एकाच मसुद्याच्या प्रती दोघांनी सुधारल्या असतील, तर घोटाळा अधिकच वाढतो. एका प्रतीत असलेले वाक्य दुसरीत नाही, यावरून पहिल्याने ते घातले की दुसऱ्याने काढले, हे मूळ प्रत समोर असल्यावाचून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अशा कामी तीन फायली एकत्र ताडून पाहणारे ‘केडिफ-३’, ‘मेल्ड’ किंवा ‘विनमर्ज’ची अलीकडील आवृत्तीच घ्यावी.

उलट बाजूही ध्यानी घ्यावी. ‘दुसऱ्या’ हा शब्द कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून टंकतो, तर कोणी र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्याला तिळमात्र फरक दिसत नाही, परंतु आतील संकेत भिन्न असल्यामुळे ओळ रंगते आणि मुद्रितशोधक चष्मा पुसत बसतो.

आता किरकोळ समज. ‘महाग ते अव्वल’: वर सांगितलेली तिन्ही मोफत आहेत. ‘आकार आणि तारीख जुळली की फायल एकच’: खातरजमा ‘सीएमपी’सारख्या बाइटनिहाय तुलनेनेच होते. ‘मोकळ्या जागा दुर्लक्षित केल्या तरी बिघडत नाही’: पायथनमध्ये ओळीआधीच्या मोकळ्या जागेवरच अर्थ अवलंबून असतो. ‘वर्डची फायलही तशीच ताडता येते’: ‘डॉक्स’ ही झिप केलेली गाठोडी असल्याने तिच्यासाठी वर्डमधील ‘कम्पेअर’च वापरावे. ‘संकेतस्थळावर चिकटविले तरी चालते’: गोपनीय दस्तऐवज त्यामुळे परक्या सर्व्हरवर जाऊ शकतो.

तेव्हा सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी आपल्याच एखाद्या फायलीची प्रत काढून तीत दोन परिच्छेदांची अदलाबदल करावी, एक ‘ऱ्या’ निराळ्या रीतीने टंकावा, आणि ते काय रंगविते व काय सोडते हे स्वतः पाहावे. आणि निवड झाल्यावरही, कोणी काय बदलले हा वाद उद्भवला, तर निवाड्यासाठी रंगांकडे न पाहता प्रत्येक टप्प्याच्या जपून ठेवलेल्या प्रतींकडे पाहावे.